आधी अपडेट, मग इन्स्टॉल: प्राथमिकच्या मुलांना अँटिव्हायरस शिकवताना

शाळेच्या संगणक कक्षात अँटिव्हायरस शिकवण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. आधी व्हायरसची व्याख्या, मग प्रकार, मग पाच-सहा अँटिव्हायरसची नावं आणि शेवटी ‘इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या’. मुलं ते वहीत उतरवतात, चाचणीत लिहितात, पूर्ण गुण मिळवतात. त्याच कक्षातल्या संगणकावर कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर पिवळं उद्गारचिन्ह कित्येक महिने तसंच असतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं, शिकवणाऱ्याचंही.

माझं म्हणणं असं की तिसरी ते पाचवीच्या मुलांना हे उलट्या क्रमाने शिकवावं. आधी अपडेट झालंय का ते बघायचं, मग स्कॅन करायचं, आणि इन्स्टॉल करणं सगळ्यात शेवटी, तेही शेजारी मोठं माणूस बसलेलं असताना. कारण साधं आहे. अँटिव्हायरस टाकणं वर्षा-दोन वर्षांतून एकदा घडतं. तो ताजा आहे की शिळा हे बघणं दर आठवड्याचं काम आहे. त्यातही विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजसोबत डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आलेलाच असतो. म्हणजे ज्या गोष्टीवर आपण दोन तासिका खर्च करतो, ती कित्येक मशीनवर आधीच झालेली असते.

व्हायरस कुणीतरी लिहिलेला असतो

“कीबोर्डला हात लावला तर मला व्हायरस लागेल का?” हा प्रश्न दुसरी-तिसरीत हमखास येतो, आणि कोरोनाच्या बातम्या घरात ऐकलेल्या पिढीकडून तो येणं साहजिकच आहे. हसण्यावारी न नेता आधी त्याचंच उत्तर द्यावं. संगणकाचा व्हायरस हवेतून येत नाही, आपोआप जन्मत नाही. चित्र काढायचा पेंट हा जसा कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम, तसाच व्हायरसही. फरक इतकाच की तो न विचारता घुसतो, स्वतःच्या नकला काढतो आणि आपल्याला नको असलेली कामं करतो.

‘कुणीतरी लिहिलेला’ हे मुलांना पटवायला दोन जुनी उदाहरणं चांगली उपयोगी पडतात. १९८२ साली अमेरिकेतल्या रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने मित्रांची गंमत करायला अ‍ॅपल-२ संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरायचा आणि लागण झालेल्या फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा संगणक सुरू केला की पडद्यावर कविता दाखवायचा. दुसरं उदाहरण १९८६ चं, लाहोरचं. बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी लिहिलेल्या ‘ब्रेन’मध्ये त्यांची स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा होता! आयबीएम पीसीवर पसरलेला तो पहिला व्हायरस मानला जातो. चोराने आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवून जावं, याचं मुलांना फार हसू येतं. आजचे व्हायरस लिहिणारे पत्ता ठेवत नाहीत आणि त्यांना पैसे हवे असतात, एवढं सांगून पुढे जावं. वर्म, ट्रोजन, स्पायवेअर ही वर्गवारी या वयात पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही.

ठिपक्यांचा खेळ

अपडेट का लागतं, हे समजायला संगणक नसला तरी चालतं. चाळीस मुलं आणि चालू असलेले चार संगणक ही परिस्थिती असेल तर उलट हे आधी वर्गातच करावं.

पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे घ्या. प्रत्येकावर रंगीत पेनने ओळीने आठ ठिपके काढा. प्रत्येक पुठ्ठा म्हणजे एक फाइल. एका मुलीला तपासनीस करून दाराशी बसवा आणि तिच्या हातात एक यादी द्या. यादीत सुरुवातीला एकच नोंद: ‘लाल, लाल, निळा, पिवळा’. ज्या पुठ्ठ्यावर हे चार ठिपके सलग या क्रमाने दिसतील तो वाईट. बाकीची मुलं आपापले पुठ्ठे घेऊन रांगेने जातात. तपासनीस बघते, जुळलं की बाजूला काढते. एवढं सगळ्यांना पटकन येतं.

मग तुम्ही गुपचूप एका मुलाच्या हातात नवा पुठ्ठा द्या, ज्यावर ‘हिरवा, पिवळा, पिवळा, लाल’ असा क्रम आहे, आणि बाकी वर्गाला सांगून ठेवा की हाही वाईट आहे. तो मुलगा ऐटीत आत जातो. वर्ग ओरडतो. तपासनीस गोंधळून यादी दाखवते: “बाई, यात नाहीये!” आता तिच्या यादीत एक ओळ वाढवा आणि त्याच मुलाला पुन्हा रांगेत उभं करा. या वेळी तो पकडला जातो. तपासनीस तीच आहे, तिची नजरही तीच आहे. बदलली ती फक्त यादी. अँटिव्हायरस कंपन्या हेच करतात. नवा व्हायरस सापडला की त्याची ओळख पटवणारी खूण काढतात आणि ती यादी आपल्या संगणकावर पाठवतात. डिफेंडरसाठी अशी भर दिवसातून अनेकदा येते.

खेळ इथे थांबवला तर अर्धवट राहतो. तिसऱ्या फेरीत एखाद्या निरागस पुठ्ठ्यावर योगायोगाने तीच खूण येऊ द्या. तपासनीस तोही अडवणार आणि ज्याचा पुठ्ठा आहे तो मुलगा चिडणार. अँटिव्हायरसकडूनही असा खोटा संशय घेतला जातो, म्हणूनच तो संशयित फाइल लगेच फाडून न टाकता वेगळ्या पेटीत कुलूप लावून ठेवतो. त्या पेटीला क्वारंटाइन म्हणतात. घरातल्या मोठ्यांना हा शब्द आता समजावून सांगावा लागत नाही.

चौथी फेरी पाचवीच्या मुलांसाठी. पुठ्ठ्यावरचे ठिपके अगदी सभ्य, यादीत कुठेच न बसणारे. पण तो घेऊन आत गेलेली मुलगी इतरांचे पुठ्ठे हिसकावून त्यावर रेघोट्या मारू लागते. तिला अडवायला यादी लागते का? नाही, तिचं वागणंच पुरेसं आहे. आजचे अँटिव्हायरस यादीसोबत वागणूकही बघतात: एखादा प्रोग्राम धडाधड शेकडो फायली बदलत सुटला तर नाव माहीत नसतानाही त्याला थांबवायचा प्रयत्न करतात. हा प्रयत्न दर वेळी जमतोच असं नाही, हेही मुलांना सांगावं. अँटिव्हायरस म्हणजे कवचकुंडलं, असं शिकवलं की मुलं नको ते डाउनलोड करायला मोकळी होतात.

अपडेट एक नसतं

‘अपडेट करा’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायरसची यादी ताजी करणं, हे पहिलं. अँटिव्हायरसचा प्रोग्राम स्वतः सुधारणं, हे दुसरं. आणि विंडोजचं अपडेट, म्हणजे घुसखोर ज्या फटीतून येतो ती फट बुजवणं, हे तिसरं. विकतचा अँटिव्हायरस असेल तर चौथी गोष्ट मुदतीची. दुकानदार ‘एक वर्षाचा मारून दिलाय’ म्हणतो, वर्ष संपतं, मुदत संपते, चिन्ह मात्र कोपऱ्यात तसंच राहतं आणि सगळ्यांना वाटतं अँटिव्हायरस आहे. आहे, पण त्याच्या हातातली यादी मागच्या वर्षीची आहे.

तिसऱ्या प्रकाराचं महत्त्व सांगायला वॉनाक्राय इतकं चांगलं उदाहरण नाही. विंडोजमधली एक फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं. त्याच फटीतून घुसणारा वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरला. फायलींना कुलूप लावायचा आणि उघडायचे पैसे मागायचा. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्याने धरले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. चौथीच्या मुलांना दोन तारखांमधले दिवस मोजायला लावा: मार्चचे १७, एप्रिलचे ३०, मेचे १२, एकूण ५९. जवळजवळ दोन महिने इलाज फुकट उपलब्ध होता. ज्यांनी तो लावला त्यांच्या मशीनवर ही फट उरलीच नव्हती. गणिताच्या तासाला हे उदाहरण घातलं तर संगणकाची वेगळी तासिकाही लागत नाही.

आपल्याकडच्या कित्येक शाळांत अजून विंडोज १० चालतं, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाव नोंदवून काही काळ वाढीव मुदत घेता येते. डिफेंडरची यादी मात्र त्यानंतरही येत राहते. म्हणजे ढालीवर हिरवी खूण दिसेल आणि तरी विंडोजच्या नव्या फटी उघड्या असतील. हिरवं म्हणजे सगळं ठीक, हा समज शिक्षकांनी आधी स्वतःच्या मनातून काढावा.

चौकस मूल एक अडचणीचा प्रश्न विचारतं: “आणि अपडेटच बिघडलेलं आलं तर?” तेही झालेलं आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्यांचे फोटो घरोघरी फिरले होते. शाळेच्या संगणकावर ते सॉफ्टवेअर नसतं, पण उत्तर प्रामाणिक द्यावं: अपडेटही माणसंच लिहितात, क्वचित चुकतं. म्हणूनच महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायची.

सोमवारचं काम

फळ्यावर रोज तारीख लिहिणारा विद्यार्थी असतो, तसा संगणक कक्षात दर सोमवारी ‘शेवटचं अपडेट’ बघणारा विद्यार्थी असावा. काम फार नाही. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधायचं, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडायचं, खाली ‘प्रोटेक्शन अपडेट्स’वर जायचं. तिथे ‘लास्ट अपडेट’ची तारीख आणि वेळ दिसते. ती वहीत लिहायची, आजच्या तारखेतून वजा करायची आणि फरक दोन दिवसांहून जास्त असेल तर ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबायचं. विकतचा अँटिव्हायरस असेल तर जागा वेगळी, पण तारीख तिथेही असतेच. ती शोधायला लावणं हाच एक छान उपक्रम होतो.

पडद्यावरची भाषा इंग्रजी, मुलं मराठी माध्यमाची, ही अडचण खरी आहे. विंडोज मराठीत दिसेल अशी सोय आहे, पण दुकानातून आलेल्या मशीनवर ती क्वचितच लावलेली असते. माझा अनुभव असा की दहा-बारा शब्द पक्के केले तर काम भागतं: अलाउ, ब्लॉक, रिमूव्ह, क्वारंटाइन, स्कॅन, अपडेट, रीस्टार्ट, ट्रायल, रिन्यू, कॅन्सल. प्रत्येक शब्दाचा तक्ता करून भिंतीवर लावा. ‘अलाउ’ लाल अक्षरांत लिहा, कारण व्हायरस सापडल्याच्या खिडकीत ‘अलाउ’ दाबणं म्हणजे पकडलेल्याला आपणच सोडून देणं.

इंटरनेट नसलेली शाळा

वाडी-वस्तीवरच्या शाळेत संगणक असतो, पण इंटरनेट शिक्षकांच्या फोनवर. हॉटस्पॉट लावला आणि विंडोजमध्ये ते ‘मीटर्ड’, म्हणजे मर्यादित डेटाची, जोडणी म्हणून नोंदलेलं असेल तर बरीचशी मोठी अपडेट आपोआप उतरत नाहीत. डेटा वाचतो, पण अपडेट राहून जातं. डिफेंडरची यादी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर एका फाइलच्या रूपातही मिळते, शंभर एमबीहून मोठी. दुसऱ्या ठिकाणी उतरवून ती पेन ड्राइव्हने आणायची आणि शाळेच्या संगणकावर चालवायची. विकतच्या अँटिव्हायरसपैकी अनेकांत अशी ऑफलाइन सोय असते.

पण अशा शाळेत व्हायरसचा मुख्य रस्ताही पेन ड्राइव्हच असतो. निकालपत्रकं छापायला झेरॉक्सच्या दुकानात नेलेला पेन ड्राइव्ह परत येतो तेव्हा सगळ्या फोल्डरवर छोटा वाकडा बाण आलेला असतो. याला सगळीकडे शॉर्टकट व्हायरस म्हणतात. त्याची युक्ती मुलांना समजते: खरे फोल्डर लपवायचे, त्याच नावाचे खोटे शॉर्टकट ठेवायचे. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे शंकाच येत नाही. फायली गेलेल्या नसतात, फक्त दिसत नसतात. म्हणून घाबरून पेन ड्राइव्हला फॉरमॅट मारू नये. ताजी यादी असलेल्या संगणकावर तो आधी स्कॅन करावा, मग जाणकाराकडून लपवलेल्या फायली उघड करून घ्याव्यात. मुलांसाठी नियम एवढाच: पेन ड्राइव्ह लावला की उघडायचा नाही, त्यावर उजवं क्लिक करून आधी स्कॅन.

आता इन्स्टॉल

इन्स्टॉल शिकवण्याआधी शिक्षकाने एक काम करावं. संगणकावर दोन खाती करावीत, एक व्यवस्थापकाचं, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि एक मुलांचं साधं. मुलं साध्या खात्यातच काम करतील. मग काहीही इन्स्टॉल करायला गेलं की पासवर्ड मागितला जातो आणि तो मोठ्यांकडे असतो. शाळेत व्यवस्थापक खात्याचा पासवर्ड ‘१२३’ असतो आणि तो सातवीतल्या सगळ्यांना पाठ असतो, हेही तेवढंच खरं, तो बदला.

प्रत्यक्ष करताना माउस मुलाच्या हातात आणि पासवर्ड आपल्या. कंपनीचा पत्ता वरच्या पट्टीत मुलानेच टाइप करायचा. नुसतं नाव शोधलं तर सगळ्यात वर जाहिरात येते आणि ती त्याच कंपनीची असेल याची खात्री नसते. फाइल उतरली की ती डाउनलोड्समध्ये दिसते. चालवली की पडदा अंधारतो आणि विंडोज विचारतं, या प्रोग्रामला संगणकात बदल करू द्यायचे का? इथे थांबायचं. ‘व्हेरिफाइड पब्लिशर’समोर लिहिलेलं नाव मोठ्याने वाचायचं. जे सॉफ्टवेअर आपण घ्यायला गेलो त्याच कंपनीचं नाव आहे का? ‘अननोन’ असेल तर ‘नो’. या एका खिडकीवर पाच मिनिटं घालवली तरी चालतील, कारण आयुष्यभर हीच खिडकी वेगवेगळ्या प्रोग्रामसाठी येत राहणार आहे.

त्यापुढे मोठ्यांनी लावलेली ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ची सवय मोडायची आहे. प्रत्येक खिडकीतलं एक तरी वाक्य वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मध्येच एखादा ब्राउझर किंवा टूलबार ‘सोबत घ्या’ म्हणून खूण करून ठेवलेला असतो. ती खूण काढायची. संपल्यावर रीस्टार्ट, मग लगेच अपडेट, आणि मग एक पूर्ण स्कॅन. डब्यातल्या सीडीवरून टाकला असेल तर अपडेट विसरून चालणारच नाही, कारण सीडी तयार झाली त्या दिवशीची यादी त्यात असते.

दोन अँटिव्हायरस एकदम ठेवू नयेत. जास्त सुरक्षा मिळेल असं मुलांना वाटतं, पण दोघं प्रत्येक फाइल दोनदा तपासतात, एकमेकांवर संशय घेतात आणि जुनं मशीन रांगायला लागतं. दुसरा टाकला की डिफेंडर सहसा स्वतःहून मागे सरतो, पण दोन विकतचे असतील तर आधीचा काढूनच नवा टाकायचा. आणि क्रॅक केलेला अँटिव्हायरस? चोराकडून कुलूप विकत घेण्यासारखं ते. फुकट डिफेंडर असताना त्याची गरजही नाही.

विकतच्यांपैकी क्विक हील हे नाव मराठी मुलांना सांगण्यासारखं आहे. कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करायचे. व्हायरस लागलेली मशीन दुरुस्तीला यायची, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं. १९९० च्या दशकातली ही गोष्ट. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दोन भावांनी व्हायरस लिहिल्याची गोष्ट सांगितली, तर दोन भावांनी त्यावरचा इलाज लिहिल्याचीही सांगायला हवी.

टाकलेला अँटिव्हायरस खरंच जागा आहे का, हे खरा व्हायरस न आणता तपासता येतं. आयकार या युरोपीय संस्थेने यासाठी ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिली आहे. ती पूर्ण निरुपद्रवी आहे, पण ती दिसली की व्हायरस सापडला असं वागायचं, हे अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसात मान्य केलं आहे. ओळ संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. पाचवीच्या मुलांकडून ती नोटपॅडमध्ये टाइप करून घ्या. तिसरं अक्षर शून्य नसून इंग्रजी मोठा ‘ओ’ आहे, इथेच निम्मी मुलं अडकतात. बरोबर टाइप करून सेव्ह केली की कोपऱ्यात सूचना उसळते आणि फाइल गायब होते. ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’त जाऊन ती कुठे कुलूपबंद झाली ते मुलांना बघू द्या. शाळेचं नेटवर्क कुणी बाहेरून सांभाळत असेल तर त्यांना आधी कळवावं, नाहीतर त्यांची धावपळ होईल.

खोटा इशारा

वेबसाइट बघताना अचानक पूर्ण पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा’ असं दिसतं. भीती घालून पैसे किंवा संगणकाचा ताबा मिळवण्याचा हा धंदा आहे. मुलांना फरक दाखवून ठेवावा. हा इशारा ब्राउझरच्या आत असतो, ब्राउझर बंद केला की तोही जातो. खऱ्या अँटिव्हायरसची सूचना कोपऱ्यात येते, भोंगा वाजवत नाही, फोन करायला सांगत नाही. आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं. ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबून ब्राउझर बंद करायला शिकवा. नाहीच झाला तर संगणक बंद करून मोठ्यांना हाक मारायची.

घरचा फोन

खरं सांगायचं तर या वयाच्या मुलांचा संबंध संगणकापेक्षा फोनशीच जास्त, आणि तोही बहुधा आई-बाबांच्या किंवा आजीच्या. अँड्रॉइडवर गुगलचं प्ले प्रोटेक्ट आधीच असतं. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारली की प्ले प्रोटेक्ट दिसतं, आत ‘स्कॅन’चं बटण. घरच्यांसमोर हे करून दाखवणं हा उत्तम गृहपाठ आहे. प्ले स्टोअरमध्ये ‘अँटिव्हायरस’ शोधून दिसेल ते उतरवणं मात्र टाळावं. त्यातली बरीचशी अ‍ॅप जाहिराती दाखवण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत.

फोनवरचा मोठा धोका प्ले स्टोअरच्या बाहेरून येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाचं चलन म्हणून फाइल येते आणि नावाच्या शेवटी असतं ‘डॉट एपीके’. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. मुलांना गेममधले फुकट हिरे देणारी अशीच फाइल मिळते. युक्ती जुनीच आहे: ४ मे २००० ला जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसच्या फाइलचं नाव ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असं संपत होतं आणि विंडोज शेवटचा भाग लपवत असल्यामुळे लोकांना ते साधं पत्र वाटलं. म्हणून मुलांना नावातला शेवटचा टिंब शोधायला आणि त्यानंतरची अक्षरं वाचायला शिकवा. संगणकावर फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करून ठेवलं की ती दिसतात. फोटोच्या शेवटी जेपीजी किंवा पीएनजी हवं. एपीके किंवा ईएक्सई दिसलं तर उघडायचं नाही, आधी मोठ्यांना दाखवायचं.

ओटीपी सांगून टाकला, खोट्या पानावर पासवर्ड भरला, तर कुठलाच अँटिव्हायरस मध्ये पडू शकत नाही. पैसे गेले असतील तर घरच्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. नुसता व्हायरसचा संशय असेल तर इंटरनेट तोडायचं, पडद्यावर आलेलं नाव लिहून ठेवायचं आणि पूर्ण स्कॅन लावायचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून व्हायरस काढायची साधनं आणि पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारं ‘यूएसबी प्रतिरोध’ फुकट देतं, तीही वापरता येतात. आणि ज्या मुलाने “बाई, मी काहीतरी दाबलं” असं येऊन सांगितलं, त्याला वर्गासमोर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो पडदा बंद करून गुपचूप जागेवर जाऊन बसेल.